लायटिंग बघून येऊ : उजेडाची समीक्षा

थंडी चांगली पडली आहे, तरी तुम्ही एवढ्या संख्येनं आलात, त्याबद्दल आभार. मफलर कुणी काढू नका, मीही काढणार नाही. (हशा)

विषय तसा साधा आहे. कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत आपल्याकडं घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : "चला, लायटिंग बघून येऊ." जेवणं उरकतात, पोरांच्या अंगात स्वेटर चढतो, आजीला पुढच्या सीटवर बसवतात आणि गाडी निघते. करमाळ्यातून कुणी सोलापूरच्या गड्ड्याला जातं, कुणी पंढरपूरला. पाहुण्यांकडं पुण्याला गेलेली मंडळी नाताळात रात्री कॅम्पात एक चक्कर मारून येतात. परत येताना पोरं मागच्या सीटवर झोपलेली असतात आणि मोबाईलमध्ये सत्तर-ऐंशी फोटो असतात.

आज मला या लायटिंगची समीक्षा करायची आहे. नाटकाची करतो, कवितेची करतो, सिनेमाची तर सगळेच करतात. मग रोषणाईची का नको? वर्षातून जितके लोक नाटक बघतात, त्याच्या कितीतरी पट लोक रोषणाई बघतात. पण तिच्याबद्दल लिहून काय येतं? "आकर्षक विद्युत रोषणाईने परिसर उजळून निघाला." "नयनरम्य रोषणाईने भाविकांच्या डोळ्यांचे पारणे फेडले." ही वाक्यं कुठल्याही गावाला, कुठल्याही देवळाला, कुठल्याही लग्नाच्या हॉलला चालतात. आणि जे वाक्य सगळ्याला चालतं, ते कशाचीच समीक्षा करत नसतं.

तेव्हा आज आपण रोषणाईला चार प्रश्न विचारू. एक, उजेड थांबलेला आहे की चालता, आणि बघणारा थांबलेला आहे की चालता? दोन, हा उजेड कुणाच्या हातानं लागला? तीन, तो केव्हा मालवतो? आणि चौथा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा : या उजेडानं भोवतालच्या अंधाराचं काय केलं?

सुरुवात गाडीपासून करतो. गाडीत बसून रोषणाई बघणं हा प्रकार जगात सगळ्यात जास्त कुठं रुजला असेल तर तो अमेरिकेत. न्यू जर्सीत राहणारी आपली मराठी मंडळीही डिसेंबरात पोरांना घेऊन गल्लीगल्लीतनं गाडी फिरवतात, कुणी घरावर काय लावलंय ते बघत. याची सुरुवात फार जुनी नाही. एडिसनचा एक सहकारी होता, एडवर्ड जॉन्सन. त्यानं १८८२ साली २२ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घरातल्या नाताळच्या झाडाला ८० विजेचे दिवे लावले. लाल, पांढरे आणि निळे. झाड गोल फिरायचं. मागे हेतू भक्तीचा कमी आणि धंद्याचा जास्त होता. वीज ही नवी वस्तू होती, ती लोकांना दाखवायची होती. म्हणजे विजेची पहिली सणाची रोषणाई ही एक जाहिरात होती, हे लक्षात ठेवू. याचा संबंध पुढं येणार आहे.

पण त्याच देशातलं दुसरं उदाहरण बघा. कॅलिफोर्नियात अल्टाडीना नावाचं गाव आहे. तिथल्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलभर देवदार आहेत. हो, आपल्या हिमालयातलाच देवदार. १८८०च्या दशकात तिथं लावलेला. १९२० साली पहिल्यांदा या झाडांवर नाताळचे दिवे लागले आणि लोक गाड्या घेऊन बघायला यायला लागले. तिथला रिवाज असा की त्या रस्त्यावर शिरलं की गाडी अगदी हळू करायची आणि हेडलाइट बंद करायचे. बघणाऱ्यानं स्वतःचा उजेड आधी मालवायचा आणि मग दुसऱ्याचा बघायचा. मला वाटतं, रोषणाई बघण्याचं सगळं शास्त्र या एका रिवाजात आहे. गाडी आहे, वीज आहे, काचेच्या आत बसलेली माणसं आहेत, आणि तरीसुद्धा अंधाराचा मान राखलेला आहे. म्हणून "गाडीतनं बघतात म्हणजे उथळच" असं मी म्हणणार नाही. गाडी हा गुन्हा नाही. हेडलाइट चालू ठेवून बघणं ही अडचण आहे.

आता घरी येऊ. करमाळ्यात उभं राहून रोषणाईवर बोलायचं आणि कमलादेवीच्या दीपमाळांवर बोलायचं नाही, असं होणार नाही. देवीचं हे देऊळ रावरंभा निंबाळकरांच्या काळातलं, अठराव्या शतकातलं. शहाण्णव या आकड्याची गोष्ट तुम्ही मला सांगाल, शहाण्णव खांब, शहाण्णव पायऱ्यांची विहीर. मी आज त्यात जात नाही. मी फक्त त्या तीन उंच दीपमाळांकडं बघतोय.

दीपमाळ हा वास्तुप्रकार म्हणून कधी नीट बघितलाय का? तो एक दगडी खांब असतो, वर निमुळता होत जाणारा, आणि त्याला सगळ्या बाजूंनी दगडाचे हात फुटलेले असतात. त्या हातांवर पणत्या ठेवायच्या. म्हणजे बांधणाऱ्या गवंड्यानं दिवा कुठं बसणार हे दगड घडवतानाच ठरवलेलं आहे. उजेड हा इमारतीवर नंतर टाकलेला शेला नाही, तो इमारतीचा अवयव आहे. दिवसा दिवे नसतानासुद्धा ते रिकामे हात दिसतात. आणि कळतं की इथं काहीतरी ठेवायचं राहिलंय.

दुसरी गोष्ट. त्या हातांवर पणत्या पोचवायला माणूस लागतो. कुणीतरी वर चढतो, कुणीतरी खालून तेल देतो, कुणीतरी वाती वळून आणलेल्या असतात. वाऱ्यानं चार दिवे जातात, ते पुन्हा लावायचे. त्यामुळं दीपमाळ एकदम पेटत नाही. ती पेटत जाते. बघणाऱ्याला तिची सुरुवात दिसते, मधला भाग दिसतो, आणि तेल संपत आलं की शेवटही दिसतो. नाटकाला तीन अंक असावेत तसं.

आता इथं कुणी म्हणेल, जुनं ते सोनं, हे तुमचं ठरलेलंच. थांबा. दीपमाळेबद्दल मला दोन अडचणीच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. ही दीपमाळ काही सगळ्या गावानं वर्गणी काढून बांधलेली नाही. निंबाळकर निजामाच्या पदरचे सरदार. देऊळ, विहीर, दीपमाळा हे त्यांच्या ऐश्वर्याचंही दर्शन होतं. लांबून येणाऱ्याला देवी दिसण्याआधी सरदाराचा उजेड दिसावा, हाही एक हेतू असणारच. तेल महाग होतं. ज्या काळात गरिबाच्या घरी संध्याकाळी एक दिवा कसाबसा लागायचा, त्या काळात खांबभर दिवे लावणं ही सत्ता होती. आणि त्या दिव्यांच्या किती जवळ कुणी उभं राहायचं, हेही आपल्या समाजात जातीनंच ठरत होतं. तेव्हा जॉन्सनच्या झाडाला जाहिरात म्हणायचं आणि दीपमाळेला निखळ भक्ती म्हणायचं, हा अप्रामाणिकपणा होईल. दोन्हीकडं कुणीतरी काहीतरी मिरवत होतं.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. कमलादेवीची यात्रा भरते कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास. तीच त्रिपुरारी पौर्णिमा, ज्या रात्री महाराष्ट्रभर घाटांवर, देवळांत दिवे लागतात. कोल्हापूरला पंचगंगेचा घाट दिव्यांनी भरतो ती हीच पौर्णिमा. आता विचार करा. दिवाळी अमावास्येला, तिथं दिव्याची गरज कळते. पण त्रिपुरी पाजळायची ती पौर्णिमेला? पावसाळा सरलेला, आभाळ धुतलेलं, चंद्र कृत्तिकांजवळ आलेला, म्हणूनच महिन्याचं नाव कार्तिक. वर्षातल्या सगळ्यात लख्ख रात्रींपैकी ही एक रात्र, आणि त्याच रात्री आपण मिणमिणत्या पणत्या लावतो. बघायला उजेड कमी पडतो म्हणून काही त्या लावलेल्या नसतात.

मग कशासाठी? माझं उत्तर असं : चंद्राच्या उजेडात पणती लावली की ती कशालाच हरवत नाही. चांदणंही राहतं, पणतीही राहते, दीपमाळेची सावलीसुद्धा राहते. एक उजेड दुसऱ्या उजेडाला पुसून टाकत नाही. चांगल्या रोषणाईची माझी पहिली कसोटी मी इथून उचलली आहे. तुमचे दिवे लागल्यावर आकाशात चंद्र आहे की नाही हे जर लोकांना कळत नसेल, तर रोषणाई फसली.

आता आपण गाडीत बसू आणि सोलापूरला जाऊ. करमाळ्याहून जेऊरमार्गे किंवा थेट टेंभुर्णी गाठायची आणि मग पुणे–सोलापूर महामार्ग. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. जानेवारीत, संक्रांतीच्या दिवसांत, सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा असते. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचं दारूकाम असे एकामागून एक दिवस. होम मैदानावर गड्डा भरलेला. पाळणे, मौत का कुआँ, भजी, सगळं. तिथली लायटिंग म्हणजे ज्याला आपण लखलखाट म्हणतो ती. पोरांना हेच हवं असतं आणि पोरांचं चूक नाही.

पण मला तुमचं लक्ष नंदीध्वजांकडं न्यायचं आहे. सात नंदीध्वज. उंचच्या उंच काठी, चांगली वजनदार. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस ती कमरेला बांधलेल्या पट्ट्यात पेलतो आणि चालतो. याचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो. होमाच्या रात्री या नंदीध्वजांना विजेच्या दिव्यांचा साज चढतो. लक्षात घ्या, विजेच्या. पणत्या नव्हेत. बल्बच. तेच बल्ब, जे लग्नाच्या हॉलवर असतात.

आणि तरीही ती रोषणाई वेगळी दिसते. का? आपला पहिला प्रश्न आठवा. गाडीतनं बघताना उजेड थांबलेला असतो आणि बघणारा चालतो. दीपमाळेपाशी दोघंही थांबलेले असतात. नंदीध्वजाच्या वेळी बघणारा रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि उजेड चालत येतो. चालतो तो एका माणसाच्या पायांनी. त्याचा पाय जरा इकडंतिकडं झाला की वर दिवे हलतात. त्याला धाप लागली की काठीला लागते. पुढून वाट मोकळी करणारे, बाजूनं आधाराला तयार असलेले, हे सगळे त्या उजेडात दिसतात. बघणारा श्वास धरून उभा असतो, कारण हा उजेड पडू शकतो. रोषणाईत धोका असला, जबाबदारी असली, की ती बघण्यासारखी होते. तेव्हा पणती चांगली आणि बल्ब वाईट, असा निवाडा माझा नाही. बल्बाच्या मागं माणूस दिसतो की नाही, हे मी विचारतोय. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ इतकाच आहे.

त्याच्या उलट उदाहरण देतो, आणि तेही आपल्याच पाण्यावरचं. उजनी. धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं पाणी आपल्या करमाळा तालुक्यात आत आत शिरलेलं आहे. त्या पाण्याखाली इथल्या लोकांची जमीन गेली, घरं गेली, देवळं गेली. पाणी खूप उतरलं की जुन्या भिंती वर येतात आणि लोक आपलं गाव बघायला जातात. अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय सणाला या धरणाला तिरंगी रोषणाई झाली. पावसाळ्यात दारं उघडी असली की पडत्या पाण्यावर केशरी, पांढरा, हिरवा रंग. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आले. तुम्हीही पुढं पाठवले असणार.

दिसायला ते सुंदर आहे, यात वाद नाही. पाणी पडत असताना तर फारच. पण समीक्षक म्हणून मी विचारतो : हा उजेड उजनीबद्दल काही सांगतो का? तोच तिरंगा पंढरपूरच्या देवळावर पडतो, तोच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पडतो, तोच सरकारी कचेऱ्यांवर पडतो. धरण, देऊळ, स्टेशन, कचेरी, त्या रात्री सगळ्या एकच इमारत होतात. एरवी प्रत्येकीचा चेहरा वेगळा. झेंड्याला माझा मान आहे, तो वेगळा विषय. झेंडा फडकतो तेव्हा कापडाला वारा लागतो, दोरी ओढणारा हात असतो. प्रोजेक्टरच्या तिरंग्याला वारा लागत नाही. आणि उजनीच्या बाबतीत मला असं वाटतं की ज्यांची घरं या पाण्याखाली आहेत, त्यांच्यासाठी एका रात्री, एका काठावर, बुडालेल्या प्रत्येक गावाच्या नावाचा एक दिवा लागला, तर तो फोटोत फारसा दिसणार नाही. पण ती उजनीची रोषणाई होईल. दुसऱ्या कुठल्या धरणाला ती उसनी देता येणार नाही.

आता जरा तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. आज आपण जी लायटिंग बघतो ती एलईडीची. लाल एलईडी जुना आहे. अडलं होतं ते निळ्यापाशी. निळा एलईडी करून दाखवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा मिळाला म्हणून पांढरा मिळाला, कारण निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड येतो. त्यातनं वीज वाचली, घरातलं बिल उतरलं. फार मोठं काम. पण तेव्हापासून आपल्या जत्रांचा, लग्नांचा, नाक्यांचा रंग निळसर पांढरा झाला.

दुसरीकडं आपला डोळा. उजेडातनं अंधारात गेलो की डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. गावाकडच्या माणसाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. रानात गेल्यावर आधी काही दिसत नाही, मग बांध दिसतो, मग वाट दिसते, मग लिंबाच्या फांद्या दिसतात. आणि मोबाईलचा स्क्रीन एकदा डोळ्यांपुढं धरला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाडीतनं लायटिंग बघणाऱ्याच्या डोळ्याला ही वीस मिनिटं कधीच मिळत नाहीत. हेडलाइट, समोरच्याचे अप्पर, पेट्रोल पंपाचे फ्लड, मग स्क्रीन. म्हणून रोषणाई करणाऱ्यालाही दरवर्षी दिवे वाढवावे लागतात. डोळा बोथट झालाय, तर आवाज वाढवा. डीजेचं जे झालं तेच लायटिंगचं झालं.

आपल्या भाषेला हे सगळं माहीत होतं. उजेडाची क्रियापदं आठवा. लखलखणं, झगमगणं, लुकलुकणं, मिणमिणणं, तेवणं. एलईडी लखलखतो. झगमगतो. कंट्रोलर लावला तर लुकलुकतोसुद्धा. पण एलईडी तेवत नाही. तेवायला काहीतरी जळावं लागतं, संपावं लागतं, वाऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. आणि दिवा विझला असं आपल्या घरांत पटकन म्हणत नाहीत. दिवा मालवला म्हणतात, शांत केला म्हणतात. एलईडीला आपण काय करतो? बंद करतो. बहुतेक वेळा तेही करत नाही. दिवाळीला लावलेली माळ संक्रांतीला गॅलरीत तशीच पेटलेली असते. तिसरा प्रश्न, केव्हा मालवतो, त्याचं उत्तर आजकाल "मालवतच नाही" असं आहे. जे कधी मालवत नाही ते बघायला थांबायचं कशाला? उद्याही आहेच की. मुंबईत तर झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांचा प्रश्न २०२४ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. झाडाला, पाखरांना रात्र लागते, हे सांगायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता चौथा प्रश्न. अंधाराचं काय केलं?

इथं मला जपून बोलायचं आहे. कारण शहरातनं येऊन अंधाराचं कौतुक करणं सोपं असतं. अंधाराचं कौतुक करणाऱ्याला आधी विचारावं, बाबा, तुला त्या अंधारात जायचं असतं का? यात्रेच्या मैदानावर लख्ख उजेड असतो म्हणून आपल्या लेकी-सुना रात्री तिथं निवांत फिरू शकतात. पायऱ्यांवर दिवा असतो म्हणून म्हातारं माणूस पडत नाही. हा उजेड हवाच. त्याला मी रोषणाई म्हणत नाही, त्याला सोय म्हणतो, आणि सोयीवर टीका नाही.

पण करमाळ्यात आणखी एक अंधार आहे. २०२०चा डिसेंबर तुम्हाला विसरता येणार नाही. याच थंडीच्या दिवसांत बिबट्यानं आपल्या तालुक्यात तीन माणसं मारली. १८ डिसेंबरला वांगी परिसरात त्याला गोळी घातली, तोवर सगळा तालुका दाराला कडी लावून बसला होता. आणि तरीही लोकांना रात्री रानात जावं लागत होतं. का? कारण शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्वारीला, गव्हाला, उसाला पाणी द्यायचं तर रात्रीच्या पाळीला जागून मोटर चालू करायची आणि गार पाण्यात उभं राहून दारं धरायची. हातात एक बॅटरी. "दिवसा वीज द्या" ही मागणी जुनीच आहे, त्या डिसेंबरात ती जिवावरची झाली. त्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ज्यांच्या फिडरला दिवसाची वीज लागली त्यांची रात्र सुटली. ज्यांची सुटली नाही ते आजही, आपण इथं बसलोय तेव्हा, रानात असतील.

आता कुणी लगेच म्हणेल, बघा, लायटिंगला वीज आहे आणि शेतकऱ्याला नाही. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण हिशोब तसा नाही. पाच एचपीची एक मोटर म्हणजे ३.७ किलोवॅटच्या आसपास. दहा वॅटची एक माळ धरली तर एका मोटरीच्या विजेत अशा ३७० माळा लागतील. चार गल्ल्यांची लायटिंग बंद करून एखाददुसरी मोटर चालेल. तेव्हा देवीच्या माळेवर शेतकऱ्याची वीज चोरल्याचा आळ मी घेणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. रात्र ज्याला करमणुकीसाठी मिळते तो लायटिंग बघायला गाडी काढतो. रात्र ज्याला कामासाठी मिळते तो बॅटरी घेऊन रानात जातो. एकाच तालुक्यात, एकाच वेळी, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. आणि गाडीतल्या माणसाला रानातला माणूस दिसत नाही, कारण त्याचे डोळे हेडलाइटनं दिपलेले आहेत. वाईट रोषणाईचं खरं नुकसान मला इथं दिसतं. वीज तिला फार लागत नाही. पण तिच्यामुळं बारके उजेड दिसेनासे होतात. बांधावरची बॅटरी, कोपीतला दिवा, दूरच्या वस्तीवरचा एकटा बल्ब.

आणि जिथं उजेड खरोखर हवा तिथं तो नसतो. थंडी म्हणजे गाळपाचा हंगाम. टेंभुर्णीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक दोन-दोन जोडलेल्या. पुढच्या ट्रॅक्टरवर कधीकधी जत्रेपेक्षा जास्त लायटिंग, गाणीही जोरात, आणि मागच्या ट्रॉलीला साधा रिफ्लेक्टर नाही. लायटिंग बघायला निघालेली गाडी त्या ट्रॉलीवर आदळल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. दहावीस रुपयांची लाल पट्टी. रोषणाईच्या समीक्षेत मी तिलाही जागा देतो. तीन दीपमाळांइतकाच मान देतो. जो उजेड दुसऱ्याला दिसावा म्हणून लावलेला असतो आणि ज्यात लावणाऱ्याचं नाव नसतं, त्याच्याइतका चांगला उजेड कुठला?

शेवटाकडं येतो. नुसती टीका करून गेलो तर तुम्ही म्हणाल, बोलायला काय जातंय. म्हणून तीन सूचना.

यात्रा करणाऱ्यांना एक. सोयीचे दिवे सोयीच्या जागी ठेवा. पण कार्तिकी पौर्णिमेला एक अर्धा तास, फक्त अर्धा तास, सजावटीच्या माळा आणि फोकस मालवा. चांदणं दीपमाळांवर पडू द्या. मग हातानं दिवे लावा आणि ते लावणारे हात लोकांना दिसू द्या. या वर्षी दिवा लावायचा मान ज्यांच्या घराण्याला आजवर कधी मिळाला नाही त्यांना द्या. सरदाराच्या दीपमाळेचं गावाच्या दीपमाळेत रूपांतर करायचा तो एक रस्ता आहे, आणि त्याला खर्च काही नाही.

गाडी काढणाऱ्यांना दुसरी. जा, जरूर जा, पोरांना न्या. पण परतीच्या वाटेवर एकदा, महामार्ग सोडून आत वळलात की, रस्त्याच्या पूर्ण खाली, सुरक्षित जागी गाडी घ्या. हेडलाइट मालवा, मोबाईल खिशात ठेवा, आणि वीस मिनिटं बसा. पोरं कुरकुरतील, भेळ द्या. (हशा) आधी काहीच दिसणार नाही. मग मृग दिसेल, कृत्तिकांचा पुंजका दिसेल. मग खाली रानात हलणारी एक बॅटरी दिसेल. पोरगं विचारेल, तो कोण आहे, एवढ्या रात्री काय करतोय? त्याला नीट उत्तर द्या. तुम्हाला ते उत्तर माहीत आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरचं कुणीतरी तिथं उभं राहिलेलं आहे.

तिसरी सूचना लिहिणाऱ्यांना, वार्ताहरांना, आणि स्टेटस टाकणाऱ्या सगळ्यांना. पुढच्या वेळी "नयनरम्य" लिहू नका. दिवे कुणी लावले ते लिहा. किती वाजता लागले आणि किती वाजता मालवले ते लिहा. चंद्र दिसत होता का ते लिहा. एवढ्या तीन ओळी लिहिल्या तरी रोषणाईची समीक्षा मराठीत सुरू झाली असं मी समजेन.

कुणाला काही विचारायचं असेल तर खाली थांबतो. घरी जाताना ट्रॉलीला जपून.